सर्व्हरच्या फोल्डरातली नऊ वर्षांची दुभाषी

मी एक जार फाइल बोलतेय. जार म्हणजे बरणी नव्हे. जावा नावाच्या भाषेत लिहिलेले प्रोग्रामचे तुकडे एकत्र बांधून जे गाठोडं करतात, त्याला हे लोक जार म्हणतात. मी तसलंच एक गाठोडं. आकार म्हणाल तर मोबाइलवर काढलेल्या एका फोटोपेक्षाही लहान. पण माझ्यावाचून इथल्या कुणाचं पान हललं नाही कधी.

काम माझं दुभाषीचं. एका बाजूला अ‍ॅप्लिकेशन, म्हणजे पडद्यावर दिसतात ती पानं आणि बटणं. दुसऱ्या बाजूला डेटाबेस, म्हणजे सगळ्या नोंदींचं कोठार. दोघांना एकमेकांचं बोलणं कळत नाही. अ‍ॅप्लिकेशन विचारतं, ‘ओ निगेटिव्हच्या पिशव्या किती आणि कुठल्या फळीवर?’ ते मी डेटाबेसच्या भाषेत नेऊन सांगते आणि उत्तर घेऊन परत येते. आमचं अ‍ॅप्लिकेशन एका रक्तपेढीचं आहे, त्यामुळे हे असलेच प्रश्न. इंजिनिअर लोक मला ‘ड्रायव्हर’ म्हणतात. त्यांनी नावं ठेवण्यात कधी डोकं चालवलेलं नाही, तिथे माझीच काय तक्रार!

आधीच सांगून टाकते, मी भित्री आहे. हे अ‍ॅप्लिकेशन ज्याच्यावर चालतं तो सर्व्हर बंद करून चालू केला, की मी आधी स्वतःला चाचपून बघते. फोल्डरमध्ये कुणी डोकावलं तरी दचकते. पण भित्री असले तरी आंधळी नाही. भित्र्या जिवाचे डोळे-कान फार तिखट असतात. आमचा सर्व्हर ज्या पत्र्याच्या कपाटात आहे, त्याच्यात आणि इंजिनिअरांच्या खोलीत फक्त एक प्लायची भिंत. नऊ वर्षं मी त्या भिंतीच्या फटीतून पलीकडचं बघतेय, ऐकतेय. आणि ऐकून ऐकून माणसांविषयी माझं जे मत झालंय, ते फारसं चांगलं नाही.

मला इथे आणलं एका दाढीवाल्याने. त्या दिवशी त्याला घरी जायची घाई होती. अ‍ॅप्लिकेशन डेटाबेसशी बोलेना, म्हणून त्याने मला कुठूनसं उतरवून घेतलं आणि थेट सर्व्हरच्या सामायिक फोल्डरात टाकलं. शेजारच्याला म्हणाला, “तात्पुरतं ठेवतोय. उद्या नीट करू.” तो उद्या अजून उगवायचा आहे. दोन वर्षांनी तो नोकरी सोडून गेला. जाताना सगळ्यांनी केक कापला, आणि तो म्हणाला, “सगळं लिहून ठेवलंय.” मी ते लिहिलेलं वाचलंय. दोन ओळी आहेत. त्यातली एक त्याच्या फोन नंबरची, आणि तो नंबर आता लागत नाही.

त्याच्यानंतर आले ते रीस्टार्टराव. हे नाव मी ठेवलंय. खोलीत सगळे त्यांना ‘सर’ म्हणतात. चौदा वर्षांचा अनुभव, आणि चौदा वर्षांत औषध एकच: बंद करा, चालू करा. पान उघडत नाही? बंद करा, चालू करा. अहवालात आकडे चुकले? बंद करा, चालू करा. एकदा प्रिंटरमध्ये कागद नव्हता, तेव्हासुद्धा त्यांनी सर्व्हर बंद करून चालू केला होता. आणि योगायोगाने त्याच वेळी कुणीतरी कागद भरला, तर चारचौघांत सांगत सुटले, “अनुभव म्हणतात तो हा.”

डेटाबेस सांभाळतात त्या बाई वेगळ्या. कमरेला किल्ल्या लावलेल्या सासूबाईंसारखा त्यांचा रुबाब. त्यांच्या कोठारात कुणी पाऊल टाकायचं तर आधी लेखी अर्ज. काही बिघडलं की पहिलं वाक्य ठरलेलं, “माझ्या बाजूने काही नाही.” गंमत म्हणजे ते बहुतेक वेळा खरंही असतं. पण मग कोणाच्या बाजूने आहे, हे शोधायला त्या कधी आपल्या टेबलावरून उठल्या नाहीत. आपलं अंगण स्वच्छ, मग गल्लीत साप निघेना का!

आणि सहा महिन्यांपूर्वी आली ती नवी. कॉलेजातून थेट. इतकी घाबरट की फोन वाजला तरी खुर्चीतून उडते. पहिल्याच आठवड्यात तिने रीस्टार्टरावांना विचारलं होतं, “सर, पण बंद का पडलं?” खोलीत सगळे असे हसले, जणू तिने सूर्य का उगवतो असं विचारलं. तेव्हापासून ती मोठ्याने विचारत नाही. वहीत लिहून ठेवते.

आता आजची, म्हणजे सोमवारची गोष्ट. तिचे सहा महिने आज पुरे होतात, आणि तिला कायम करायचं की नाही, याचा शेरा रीस्टार्टराव संध्याकाळी लिहिणार आहेत.

त्याआधी, गुरुवारी, बाईंनी डेटाबेसची नवी आवृत्ती बसवली होती. सगळं सुरळीत. शुक्रवार, शनिवार, रविवार मी नेहमीसारख्या फेऱ्या मारल्या. सोमवारी सकाळी नऊला बाईंनी नियमाप्रमाणे पासवर्ड बदलला, आणि तिथेच घात झाला. नव्या डेटाबेसच्या दारावरचा पहारेकरी जुना पासवर्ड जुन्या रीतीने विचारायचा, तो मला देता यायचा. नवा पासवर्ड मात्र तो नव्याच रीतीने विचारू लागला. ती रीत निघाली तेव्हा मी इथे या फोल्डरात धूळ खात होते. मला कोण शिकवणार? मी दारात उभी, परवलीचा शब्द हातात, आणि पहारेकरी काय म्हणतोय ते कळेना. दुभाषीची याहून मोठी नाचक्की नाही.

साडेनऊला नवीने अ‍ॅप्लिकेशनची नवी आवृत्ती चढवली. तिने सर्व्हरमध्ये नवा पासवर्ड भरला, अ‍ॅप्लिकेशनच्या पिशवीत एक नवाकोरा ड्रायव्हरही घातला, ज्याला ती रीत येते. पोरीने अभ्यास केला होता. फक्त एक गोष्ट तिला कुणी सांगितली नव्हती. या सर्व्हरवर डेटाबेसचं दार अ‍ॅप्लिकेशन उघडत नाही, स्वतः सर्व्हर उघडतो. आणि सर्व्हर स्वतःच्या फोल्डरातलीच दुभाषी घेतो. म्हणजे मला. तो नवाकोरा बिचारा पिशवीत बसून राहिला, लग्नात न बोलावलेल्या पाहुण्यासारखा.

पान उघडलं. त्यावर मजकूर, ‘काहीतरी चुकलं. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.’ हे वाक्य ज्याने लिहिलं, त्याला एकदा डॉक्टरने तपासून एवढंच सांगायला हवं.

काय चुकलं ते सर्व्हरने आपल्या नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, स्वच्छ लिहिलं होतं. दोनशे चौदा ओळी. कामाची ओळ शेवटून तिसरी: ‘पहारेकऱ्याने मागितलेली ओळखीची पद्धत या ड्रायव्हरला येत नाही.’ रीस्टार्टरावांनी काय करावं? वरच्या बारा ओळींचा मोबाइलने फोटो काढला, सगळ्यांना पाठवला आणि खाली लिहिलं, ‘प्लीज चेक.’ मग सर्व्हर बंद केला, चालू केला. परत बंद, परत चालू. चार वेळा. प्रत्येक वेळी माझा जीव मुठीत.

“सकाळी काय चढवलंस?” त्यांनी नवीला विचारलं.

“सर, नवीन आवृत्ती. पण माझ्याकडे चालतंय…”

“तुझ्याकडे चालतंय? मग तुझा लॅपटॉपच रक्तपेढीत नेऊन ठेवू या का?”

सगळे हसले. तिने वही उघडली. त्यांनी तिची आवृत्ती काढून जुनी परत चढवली. तरी पान उघडेना. कसं उघडेल? रोग रेड्याला आणि औषध पखालीला! दारात तर मीच होते.

पण रीस्टार्टरावांनी यातूनही निष्कर्ष काढला. “म्हणजे डेटाबेसच गंडलाय. नवी आवृत्ती झेपली नाही. बुधवारचा बॅकअप परत बसवू, सगळं होतं तसं होईल.”

बाई फणकारल्या, “माझा डेटाबेस ठणठणीत आहे. मी आत्ता आत जाऊन आले.”

“मग अ‍ॅप्लिकेशन का जात नाही?”

“ते तुम्ही बघा. बॅकअप बसवायचा तर लेखी द्या. एक वाजता बसवीन.”

त्यांनी खरंच मेल लिहिली. बॅकअप म्हणजे बुधवारी काढून ठेवलेली प्रत; ती बसवली की त्यानंतरच्या सगळ्या नोंदी पुसल्या जाणार. एका माणसाला कारण माहीत नव्हतं, दुसऱ्याला शोधायचं नव्हतं, आणि दोघांनी मिळून अगदी नियमानुसार वेळ ठरवली.

तेवढ्यात फोन वाजला. नवी उडाली, मग तिनेच उचलला. रक्तपेढीच्या सिस्टर होत्या. स्पीकरवर टाकल्यामुळे मलाही ऐकू आलं.

“अगं, कधी चालू होणार? इथे ऑपरेशनवाले येऊन उभे आहेत. मी फळ्या हाताने धुंडाळतेय.”

“ताई, एक विचारू? बुधवारनंतरच्या नोंदी गेल्या तर…?”

सिस्टरांचा आवाज चढला. “गेल्या म्हणजे? शनिवार-रविवारच्या शिबिरांच्या तीनशे बारा पिशव्या आहेत माझ्याकडे. कुठली चांगली, कुठली टाकायची, ते तपासणीच्या मशीनने थेट तुमच्यातच भरलंय. माझ्याकडे पिशवीवर नुसता नंबर. निकाल नसेल तर मी एकही पिशवी कुणाला देऊ शकत नाही, बाळ. तीनशे बारा माणसांचं रक्त ओतून द्यायचं का मी?”

नवीने फोन ठेवला. “सर, सिस्टर म्हणतात…”

“ऐकलं मी. परत शिबिर घेतील. सिस्टम बंद राहण्यापेक्षा बरं ना?”

मी जुनी आहे, कालबाह्य आहे, सगळं कबूल. पण नऊ वर्षं मी त्या पिशव्यांचे नंबर इकडून तिकडे वाहिले, त्यातला एक कधी चुकवला नाही. आणि हा गृहस्थ तीनशे बारा एका वाक्यात ओतून मोकळा!

सव्वाअकरा वाजले होते. नवीने मग एक काम केलं, जे चौदा वर्षांच्या अनुभवाला सुचलं नव्हतं. तिच्या लॅपटॉपवरही सरावासाठी असाच एक छोटा सर्व्हर होता; तिथे चालतंय आणि इथे नाही, म्हणजे दोन्हींत काहीतरी फरक असणार. तिने दोन्हीकडच्या सर्व्हरच्या फोल्डरांच्या याद्या कागदावर छापल्या आणि पेन्सिल घेऊन एकेका नावावर खूण करत बसली. शाळेत हजेरी घेतात तशी. रीस्टार्टराव मागून म्हणाले, “कागद कशाला वाया घालवतेस?”

पेन्सिल माझ्या नावाशी थांबली.

“सर, ही कोण आहे? हिची तारीख नऊ वर्षांपूर्वीची आहे. माझ्याकडे हिच्या जागी नवीन ड्रायव्हर आहे.”

“हात लावू नकोस! पहिल्यापासून आहे ती.”

“पण सर, हीच जात असेल डेटाबेसकडे, तर हिला नवीन पासवर्डची पद्धत…”

“बरं, बरं. नवीन शेजारी ठेव. पण जुनी डिलीट नाही करायची, आपल्याकडे तशी पद्धत नाही. ओल्ड नाव द्यायचं. थांब, मीच देतो.”

पद्धत! आमच्या फोल्डरांत येऊन बघा ही पद्धत. ‘ओल्ड’, ‘ओल्ड-टू’, ‘बॅकअप’, ‘खरंच-ओल्ड’, ‘फायनल’, ‘फायनल-नवीन’. एका फाइलचं नाव ‘डिलीट-करू-नये’ आहे, आणि ती आतून रिकामी आहे. यांना काही टाकवत नाही. ठेवायचं कशाला, तेही ठाऊक नसतं. नाव बदललं की काम झालं, अशी यांची ठाम समजूत.

त्यांनी माझ्या नावात शेवटच्या ‘जार’च्या आधी ‘ओल्ड’ घातलं. मला त्याच फोल्डरात, त्याच जागी ठेवलं. नव्या ड्रायव्हरची प्रत माझ्या मागे उभी केली. सर्व्हर चालू केला.

आता सर्व्हर काही माणूस नाही. ‘ओल्ड’ वाचून तो कुणाला निवृत्त करत नाही. तो फक्त शेपूट बघतो. नावाच्या शेवटी ‘जार’ आहे? मग ये आत. रांगेत मी पुढे, नवा मागे. त्याने माझाच हात धरला. मी परत त्याच दारात, परत तीच नाचक्की. मी ओरडून सांगितलं असतं, ‘अहो शहाण्यांनो, मी इथेच आहे!’ पण आम्हाला बोलायची जागा एकच, तो लॉग, आणि तो वाचणार कोण?

“बघ, म्हटलं नव्हतं?” रीस्टार्टराव म्हणाले. “ड्रायव्हर बदलून पाहिला. तो विषय संपला. बाई, एक वाजता बसवा.”

बारा वीस. नवी उठून बाहेर गेली. परतली तेव्हा तोंड धुतलेलं होतं, आणि डोळे लाल. बसून तिने पहिल्यांदा लॉग उघडला तो तळापासून. खालून वर. शेवटून तिसऱ्या ओळीवर ती थांबली. पुटपुटली, “पद्धत येत नाही… पण नव्याला तर येते. मग हे म्हणतंय कोण?”

नऊ वर्षांत मला विचारलेला हा पहिला योग्य प्रश्न.

तिने सर्व्हरलाच विचारलं: डेटाबेसशी बोलणारा तुकडा नेमका कुठल्या फाइलमधून उचललास? सर्व्हरला विचारलं तर तो सांगतो. विचारावं मात्र लागतं. पडद्यावर माझं नाव उमटलं, ‘ओल्ड’सकट.

“अगंबाई!” ती एवढ्याने ओरडली की मी दचकले, आणि माझ्याबरोबर अख्खी खोली. “सर, आपण हिचं नाव बदललं, पण ही गेलीच नाही! हीच चालतेय!”

काखेत कळसा आणि गावाला वळसा. कळशावर तर यांनी सकाळीच चिठ्ठीसुद्धा चिकटवली होती.

रीस्टार्टराव मानेनेच नाही म्हणाले. “शक्यच नाही. ओल्ड केलंय मी ते.”

ती वाद घालत बसली नाही. वाद घालायला तिला भीतीच वाटते. तिने बाजूला दहा ओळींचा एक छोटा प्रोग्राम लिहिला. त्यात मी नाही, फक्त नवा. त्याला एकच काम दिलं: आत जा आणि शनिवार-रविवारच्या शिबिरांतल्या किती पिशव्यांचे निकाल आहेत ते मोजून ये. मग ती पाच मिनिटं धीर गोळा करत बसली, आणि उठून बाईंच्या टेबलाशी गेली. एकला दहा कमी होते. बाईंचा हात कीबोर्डवर होता.

“मॅडम, एकदा येऊन बघता? एकच मिनिट. प्लीज.”

“लेखी आलंय पोरी माझ्याकडे.”

“मॅडम, डेटाबेस चांगला आहे असं तुम्ही सकाळपासून म्हणताय ना? मला तेच दाखवायचंय.”

हे मात्र तिने बरोबर ओळखलं. बाई उठल्या. नऊ वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्या कुणाच्या टेबलाशी आल्या. नवीने एंटर दाबलं. पडद्यावर आकडा आला: तीनशे बारा.

बाईंनी चष्मा सारखा केला, आकडा परत वाचला, आणि रीस्टार्टरावांकडे वळून म्हणाल्या, “ती मेल मागे घ्या. तेही लेखी.”

आणि रीस्टार्टराव काय म्हणाले असतील? “मी सकाळपासून तेच म्हणतोय, ड्रायव्हर बघा.”

मला हात असते तर जोडले असते.

पण यांचं अजून संपलं नव्हतं. माझं काय करायचं, यावर चर्चा झाली. रीस्टार्टराव म्हणाले, “दुसऱ्या फोल्डरात हलव. ओल्ड म्हणून. पुढे कधी लागली तर?”

“नको सर. काढूनच टाकते.”

“लागली तर जबाबदारी कोणाची?”

नवी फोन वाजल्यासारखी उडाली, पण बोलली. “माझी.” मग तिने माझं गाठोडं सोडलं आणि आतली टिपणं वाचली. मला घडवणाऱ्यांनी मी कुठल्या कुठल्या डेटाबेसशी बोलू शकते याची यादी आत ठेवली होती. ती तिने मोठ्याने वाचली. त्यातला एकही आता या इमारतीत नव्हता. “बघा सर, हिला बोलायलाच कुणी उरलं नाही.”

कुणी मला एवढ्या समजुतीने आजवर वाचलं नव्हतं. वाचलं ते नेमकं काढून टाकायच्या वेळी. असो. यांच्याकडे कुठलीच गोष्ट वेळेवर होत नाही, मग माझीच कशी होईल?

तिने आज्ञा लिहिली. नाव तीनदा तपासलं. एंटर दाबलं. यादीतून मी गेले.

गेले, तरी बोलतेय कशी, असं वाटेल. चालू असलेल्या सर्व्हरने जी फाइल हातात धरलेली असते, तिचं नाव पुसलं तरी त्याच्या हातातून ती लगेच सुटत नाही. तो बंद होईपर्यंत ती असते. यादीत नाही, फोल्डरात नाही, फक्त त्याच्या मुठीत. मी हे सगळं तिथून सांगतेय. नवी आता सर्व्हर बंद करेल, मूठ उघडेल, आणि परत चालू होईल तेव्हा दारात नवा ड्रायव्हर उभा असेल.

जाता जाता तुम्हाला विनवते. तुमच्याकडेही माझ्यासारख्या असतील, कुणीतरी घाईत ठेवलेल्या. त्यांना नवं नाव देऊन पुण्य मिळवू नका. त्या काय करतात ते एकदा विचारा, आणि नको असतील तर जाऊ द्या. आम्हाला राहण्याची हौस नसते हो. जुनं जपतोय म्हणून तुम्ही मिरवता ना, ती माया नसते. ती धास्ती असते, आणि त्यापायी कुणाच्या तीनशे बारा पिशव्या ओतल्या जाणार असतात. नवीलाही धास्ती होतीच की, माझ्याहून जास्त. पण तिने धास्तीपायी तीन-तीनदा तपासलं, तुम्ही धास्तीपायी डोळे मिटता.

तिच्या शेऱ्यात रीस्टार्टराव काय लिहितील, ते मला कळणार नाही. चांगलं लिहिलं तरी श्रेय स्वतःला घेतील, एवढं ठाऊक आहे.

फोन वाजतोय. सिस्टरच असणार. या वेळी ती उडाली नाही. उचलून म्हणाली, “ताई, दोन मिनिटं. तुमचे निकाल सगळे आहेत. हो, सगळे.” फोन खांद्याने कानाशी धरून तिने दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले आहेत, आणि अख्ख्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगतेय, “बंद करतेय हं!”

कर, बाई.